आधणाचा जाळ

भट्टी आधी ऐकायची, मग बघायची. फाल्गुनातल्या दुपारी रस्त्याकडेच्या मांडवात गॅसचा निळा जाळ उन्हात दिसतच नाही. भगुन्याखाली पेटलंय की विझलंय, हे नवख्याला वाकून बघूनही कळत नाही. मुरलेला आचारी मात्र पाठमोरा बसून कांदा चिरत असतो आणि तिथूनच पोराला सांगतो, "हवा दाब जरा, जाळ उडायलाय." नीट पेटलेल्या भट्टीचा आवाज भरीव, सलग आणि खालच्या पट्टीतला असतो. दाब किंवा हवा वाजवीपेक्षा वाढली की त्यात फडफड शिरते, कारण ज्वाळा छिद्राचं तोंड सोडून वर तरंगायला लागते; आणखी वाढली तर विझूनच जाते. उलट गॅस फार बारीक केला की ज्वाळा छिद्रातून आत शिरते आणि मागं नोझलच्या तोंडाशी जळू लागते. तेव्हा नळीतून एक बारीक, चिडकी शिट्टी येते. हे तीन आवाज ज्याला वेगवेगळे ओळखता येतात त्यानंच भट्टीबद्दल बोलावं, असं माझं मत आहे. बाकीचे जाळाच्या उंचीवरून ताकद ठरवतात आणि पैसे मोजून मोकळे होतात.

अशी मतं बनवायला चितेगावसारखं ठिकाण नाही. संभाजीनगरहून पैठणला निघालं की नक्षत्रवाडी मागं टाकून चितेगाव लागतं. पुढं फारोळा, बिडकीन, ढोरकीन आणि पैठण. गाव अर्धं शेतीचं, अर्धं कारखान्यांचं. व्हिडिओकॉनच्या पत्त्यात चितेगावच्या नावाआधी पैठण रस्त्याचा '१४ किलोमीटरचा दगड' छापलेला असायचा. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण पाळीवर जाणाऱ्या माणसाला वेळेवर चहा लागतो ही या रस्त्याची सवय काही गेली नाही. आणि फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे एकनाथ महाराजांच्या समाधीच्या तिथीला, याच रस्त्यानं दिंड्या पैठणकडे चालत जातात. त्यांना चहा हवा, आंघोळीला ऊन पाणी हवं, पंगतीला भात-वरण हवं. उरलेल्या वर्षात लग्नं आणि सप्ताह. चाळीस-चाळीस लिटरची भगुनी उकळीला आणणं हे इथं रोजच्यासारखंच काम आहे.

पैठणला नाथांच्या वाड्यात रांजण आहे. श्रीखंड्याच्या रूपात देवानं बारा वर्षं ज्यात पाणी भरलं असं भाविक मानतात, तो रांजण तुकाराम बीजेपासून लोक भरायला लागतात. पाणी भरण्याच्या कामाला अशी कथा लाभली. पाणी उकळवण्याच्या कामाला कुणी कथा दिली नाही, ते आचाऱ्याच्या वाट्याला आलं आणि आचाऱ्याचं श्रेय नेहमी फोडणीला जातं. खरं तर पंगत वेळेवर बसणार की नाही हे फोडणी ठरवत नाही, आधण ठरवतं.

भट्टी घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "किती माणसाची देऊ, भाऊ?" पन्नासची, शंभरची, दोनशेची. हा प्रश्न सोयीचा असला तरी फसवा आहे. दोनशे माणसांचा पोहे-चहा वेगळा आणि दोनशे माणसांचा भात वेगळा. विचारायला हवेत ते दोनच आकडे: पाणी किती लिटर आणि उकळी किती मिनिटांत. हे दोन कळले की बाकीचं शाळेतलं गणित आहे. एक लिटर पाणी एक अंशानं तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. घागरीतलं पाणी २५ अंशांचं धरलं तर उकळीपर्यंत पंच्याहत्तर अंशांची चढण. (संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर आहे, त्यामुळं पाणी इथं ९८ अंशांच्या आसपासच उकळतं; दोन अंशांची ती सवलत मी हिशोबात धरत नाही.) चाळीस लिटरला मिळून साडेबारा हजार किलोज्यूल. एवढी उष्णता अर्ध्या तासात पाण्यात शिरायची असेल तर सात किलोवॉट पाण्यात उतरले पाहिजेत. उघड्यावरच्या भट्टीची निम्मी उष्णता वाऱ्यावर जाते असं धरा, म्हणजे भट्टी हवी चौदा किलोवॉटची.

चौदा किलोवॉट म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. पण अश्वशक्ती म्हटलं की इथला शेतकरी लगेच सावरून बसतो, कारण विहिरीवरची मोटर तो पाच एचपीची घेतो की साडेसातची, यावर त्याचा अख्खा उन्हाळा ठरतो. चौदा किलोवॉट म्हणजे जवळपास एकोणीस अश्वशक्ती. एक छोटा ट्रॅक्टर भगुन्याखाली. आपल्या ओट्यावरच्या शेगडीचा मोठा बर्नर दोन-अडीच किलोवॉटचा, म्हणजे जेमतेम तीन एचपी. त्यावर चाळीस लिटरचं भगुनं चढवणारे सत्पुरुष मी पाहिले आहेत. हिशोबानं त्याला अडीच तासांवर लागतात, आणि झाकण नसेल तर हिशोबही सोडून द्यायचा. दीड फूट रुंद तोंडातून जी वाफ उडते तिच्यातच त्या बिचाऱ्या बर्नरची बरीचशी कमाई खर्ची पडते. पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर घुटमळत बसतं, तळाला बुडबुडे धरतं आणि उकळत नाही.

तापवणं हे काम एवढं जड का, हे मला फार दिवस नीट उमगलं नव्हतं, ते जूलच्या आकड्यानं उमगलं. इंग्लंडात मँचेस्टरजवळ सॅलफर्डला जेम्स जूल नावाचा माणूस होऊन गेला. घरचा धंदा बिअर बनवण्याचा. मोठमोठ्या भांड्यांत पाणी तापवणं आणि थर्मामीटर बारकाईनं वाचणं हे त्या धंद्याचं रोजचं काम, आणि १८४० च्या दशकात त्यानं नेमकं तेच घेऊन उष्णतेचा आणि कष्टाचा विनिमयदर काढला. (संभाजीनगरभोवती बिअरचे कारखाने बरेच आहेत, नाथषष्ठीच्या रस्त्यावर हे आठवावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.) आजच्या मापात तो दर असा: एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला जितकी ऊर्जा लागते, तेवढ्यात तेच पाणी सव्वाचारशे मीटर उंच चढवता येतं. देवगिरीचा डोंगर साधारण दोनशे मीटरांचा. म्हणजे एका अंशात किल्ल्याच्या दुप्पट उंची. आधणाचे पंच्याहत्तर अंश म्हणजे बत्तीस किलोमीटर उंच उचलण्याचं काम. जायकवाडीचं पाणी शहराला पोचवणाऱ्या जलवाहिन्या याच पैठण रस्त्याच्या कडेनं, फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून नक्षत्रवाडीच्या चढाकडे जातात. तिथले पंप प्रचंड आहेत. पण दर लिटरमागचा कष्ट बघितला तर आचाऱ्याची भट्टी त्या पंपांपेक्षा कित्येक पटींनी राबते.

आता प्रत्यक्ष भट्टीकडे येऊ. खालून वर वाचायची.

सुरुवात नोझलपासून. पितळेचा एवढासा तुकडा, मध्ये सुईच्या अग्राएवढं भोक. सगळी ताकद इथं ठरते, वरचं बिडाचं जाडजूड डोकं बघून नाही. भोकाचा व्यास दुप्पट केला तर गॅस चौपट सुटतो. दाब मात्र चौपट केला तरी गॅस साधारण दुप्पटच होतो. म्हणून रेग्युलेटर पिळत बसणाऱ्याच्या हाती आवाज जास्त लागतो आणि उष्णता कमी. घरगुती शेगडीचा रेग्युलेटर फार हलका, ठरावीक दाब देतो. भट्टीला चढउतार करता येणारा हाय प्रेशर रेग्युलेटर लागतो, आणि त्याला तशीच जाड, त्या दाबाला मान्य असलेली नळी. घरच्या शेगडीची नळी इथं लावायची नाही. सुईनं किंवा तारेनं भोक मोठं करून 'पॉवर वाढवणारे' मिस्त्री सगळीकडे असतात. गॅस वाढतो, पण त्याच्याबरोबर खेचली जाणारी हवा तितकी वाढत नाही, आणि भट्टी पिवळी पडते.

हवेचं वाचन त्याहून रंजक आहे. एका लिटर गॅसला पुरतं जळायला पंचवीस-तीस लिटर हवा लागते. ही हवा कुठल्या पंख्यानं येत नाही. नोझलमधून सुटलेली गॅसची धार स्वतःच्या वेगानं आजूबाजूची हवा ओढून नळीत नेते, तिथं दोघांचं मिश्रण होतं आणि मग ते छिद्रांपर्यंत पोचतं. नळीच्या तोंडाशी फिरणारी पत्र्याची चकती असते, तीच हवेची झडप. ती आचाऱ्याच्या हातातली सगळ्यात नाजूक गोष्ट; एखाद्या गवयानं खुंटी पिळावी तशी ती चिमटीत धरून पाव इंच फिरवली जाते आणि पिवळ्या शेंड्यांचा जाळ आखडून निळा होतो. स्वस्त भट्टीत ही चकती गंजून एका जागी बसलेली असते किंवा मुळात नसतेच. मी तरी अशी भट्टी दुकानात हाताळून तशीच ठेवून देतो.

बाकीची हवा ज्वाळेला बाहेरून, भगुनं आणि भट्टी यांच्यामधल्या फटीतून मिळते. म्हणून ही फट हवी. ज्वाळेत दोन भाग दिसतात: आतला गडद निळा, टोकदार सुळका आणि त्याभोवतीचा फिका, जांभळट पदर. सगळ्यात जास्त उष्णता सुळक्याच्या टोकाच्या जरा वर असते. भगुन्याचं बूड तिथं यावं. बूड सुळक्यातच घुसवलं तर गॅस अर्धवट जळतो, बुडाला काजळी धरते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. फार वर ठेवलं तर उष्णता बाजूनं पळते. ही दोन-तीन बोटांची उंची भट्टीच्या चौकटीतच ठरलेली असते, आणि ती ज्यानं नीट ठरवली तो खरा कारागीर. पुष्कळ चौकटी मात्र हाताला येईल तो अँगल कापून जोडलेल्या दिसतात.

मग डोकं, म्हणजे छिद्रांची कडी. इथं मोठ्याचा मोह आवरायचा. दीड फुटी भगुन्याला दीड फुटी कडी घेतली तर ज्वाळा बुडावरून सरकून भिंतीवर चढतात, कान तापवतात, आचाऱ्याच्या मनगटावरचे केस जाळतात आणि आकाशात जातात. कडी बुडाच्या निम्म्या ते दोनतृतीयांश रुंदीची असली की ज्वाळेला बुडाखालून बाहेरच्या कडेपर्यंत जायला वाट राहते, आणि त्या वाटेवरच ती उष्णता देते. भगुनं पसरट असेल तर भट्टीला सोपं, उभट असेल तर अवघड. हंड्यासारखं अरुंद बुडाचं भांडं गॅसवर चढवणं म्हणजे गॅस कंपनीला देणगी. भांड्याच्या धातूबद्दल लोक फार वाद घालतात. जर्मनचं (म्हणजे अॅल्युमिनियमचं) भगुनं स्टीलपेक्षा कितीतरी पट चांगली उष्णता वाहतं हे खरं, आणि वरण किंवा दूध तळाला धरू नये यासाठी त्याचा उपयोगही आहे. पण नुसत्या पाण्याला फारसा फरक पडत नाही, कारण अडथळा पत्र्यात नसतो, तो ज्वाळेच्या बाजूला, तापलेला वायू आणि बूड यांच्यामध्ये असतो.

नेमका हाच अडथळा आपल्या जुन्या बंबानं किती हुशारीनं सोडवला होता! तांब्याचा बंब बघा: मधोमध उभी नळी, नळीत विस्तव, भोवती पाणी. ज्वाळेला पळायला जागाच नाही. ती वर जाईपर्यंत चारी बाजूंनी पाण्याला घासून जाते. मूठभर बंबफोडीवर घरच्या आंघोळी व्हायच्या. गॅसची भट्टी कितीही सुधारली तरी भगुन्याला खालूनच चाटते. त्या बाबतीत बंब आजही वरचढ आहे, फक्त त्यात भात शिजत नाही.

गावजेवणाचा जुना प्रकार म्हणजे चर किंवा चुलाण. जमिनीत लांबट चर खणायचा, वर ओळीनं कढया आणि डेगा, खाली बाभळीचं सरपण. पेटवायला पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या, ज्या या भागात कापूस-तुरीच्या शेतात फुकट मिळतात. संभाजीनगरच्या नान-खलियाची डेग आजही लाकडावरच हवी असा जाणत्यांचा आग्रह असतो. मुहम्मद तुघलकाच्या लष्कराबरोबर हा पदार्थ दौलताबादेत आला असं सांगतात. खलियासाठी तो आग्रह मला मान्य आहे, कारण तिथं धूर आणि निखाऱ्याची रेंगाळणारी धग दोन्ही कामाची असतात. पाण्याला मात्र धुराचा काही उपयोग नाही. शिवाय चुलाणाची ताकद अफाट असली तरी तिला लगाम नाही. जाळ कमी करायचा म्हणजे जळती लाकडं ओढून बाहेर काढायची, ती धुमसत राहणार आणि मांडवातल्या बायकांचे डोळे चुरचुरणार.

एक गोष्ट मात्र इथं ठासून सांगायला हवी. जुना चर आणि नवा गॅस यांची सोयरीक करू नये. वाऱ्याचा आडोसा म्हणून काही जण गॅसची भट्टी चरात उतरवतात. गॅस हवेपेक्षा दीड ते दुप्पट जड असतो. कुठं गळला तर वर उडून जात नाही, खड्ड्यात साचून राहतो आणि काडीची वाट बघतो. आडोसा हवाच, कारण पैठण रस्त्याचा माळ सपाट आणि फाल्गुनातलं वारं मोकळं. पण तो तीन बाजूंनी पत्रे उभे करून, खाली हवेला वाट ठेवून, आणि टाकी पत्र्यांच्या बाहेर ठेवून.

टाकीचं वाचन कुणी करत नाही, आणि ऐन वेळी तीच दगा देते. चौदा किलोवॉटची भट्टी तासाला एक किलोहून थोडा जास्त गॅस पिते. टाकीत गॅस द्रवरूपात असतो, त्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती तो टाकीच्या पत्र्यातून, बाहेरच्या हवेतून ओढून घेतो. लग्नसराईतल्या थंडीच्या पहाटे, दोन मोठ्या भट्ट्या एकाच टाकीवर लावल्या की टाकीला खालून घाम येतो, मग पांढरा बर्फ धरतो आणि जाळ मलूल होतो. टाकीत गॅस असतो, पण बाहेर येत नाही. टाकी संपली असं समजून बदलणारे पुष्कळ. पुढच्या आठवड्यात तीच 'रिकामी' टाकी अर्धी भरलेली निघते. शहाणे आचारी टाकी साध्या पाण्याच्या टबात उभी करतात किंवा दोन टाक्या जोडून दोघींवर भार विभागतात. टाकी आडवी करायची नाही, तसं केलं तर द्रव गॅसच नळीत शिरतो आणि भट्टीवर आगीचा लोळ उठतो. पंगतीच्या कामाला १९ किलोची व्यावसायिक टाकी वापरायची हा नियम आहे. तो गैरसोयीचा वाटला तरी मोठी टाकी म्हणजे मोठा पत्रा, आणि मोठा पत्रा म्हणजे जास्त उष्णता आत. गरजही तिचीच असते.

एवढं सगळं जमलं तरी भट्टीची खरी कसोटी उकळी येण्यात नाही. ती त्यानंतर लागते. चाळीस लिटर आधण खळाखळा उकळतंय, आचारी आठ किलो तांदूळ एका दमात सोडतो आणि सगळं एकदम शांत होतं. गार तांदळानं पाणी पाच-सहा अंशांनी उतरवलेलं असतं. ही शांतता किती वेळ टिकते, ते मी घड्याळ न काढता पण लक्ष देऊन बघतो. सात किलोवॉट पाण्यात उतरवणारी भट्टी दोन-अडीच मिनिटांत पुन्हा उकळी उठवते. दाणे उसळतात, एकमेकांना चिकटत नाहीत, आणि भात वेळून काढला की शीत न शीत सुटं. घरगुती बर्नरला हेच करायला पाव तास लागेल. तेवढ्या वेळात तांदूळ तळाशी बसतो, पिठूळ होतो, खालचा थर धरतो आणि वरचा कच्चा राहतो. मग लोक तांदळाला दोष देतात, दुकानदाराला शिव्या घालतात, 'जुना नव्हता' म्हणतात. तांदूळ बिचारा चांगला असतो. आधणात दम नसतो.

उकळी परत आली की मोठेपणाचं काम संपलं. पाणी उकळायला लागल्यावर जाळ कितीही वाढवला तरी ते अधिक तापत नाही, फक्त वाफ होऊन जातं. आणि एक लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात सात लिटर नवं आधण उकळीला येतं. म्हणून उकळत्या भगुन्याखाली भट्टी पूर्ण ताकदीनं गरजताना दिसली की मला आचाऱ्याचा नाही, यजमानाचा खिसा दिसतो. इथं भट्टीनं खाली उतरायला हवं, आणि बहुतेक दांडग्या भट्ट्यांना खाली उतरताच येत नाही. बारीक केल्या की ती चिडकी शिट्टी सुरू होते, ज्वाळा नळीत शिरते. ज्या भट्टीला आतली लहान कडी आणि बाहेरची मोठी कडी अशा दोन स्वतंत्र चाव्या असतात, ती इथं आपली जात दाखवते. बाहेरची बंद, आतली चालू, भगुनं नुसतं गुणगुणतं. चहाच्या कामात तर हे फार जाणवतं. चहाचं पाणी दणक्यात उकळून घ्यायचं, पण दूध पडल्यावर त्याच दणक्यात ठेवलं तर उतू जाऊन छिद्रं बुजवणार. भाताची पेज आणि उतू गेलेलं दूध हे बर्नरचे दोन मोठे वैरी. पंगत उठल्यावर डोकं गार करून, छिद्रं तारेच्या ब्रशनं साफ करून, उलटं ठेवणारा आचारी मी मनातल्या मनात दोन गुणांनी वर चढवतो.

डिझेलच्या भट्टीबद्दल थोडक्यात: ताकद मोठी, ब्लोअरचा आवाज त्याहून मोठा, आणि चहाला वास लागतो तो लागतोच. हलवायाच्या कढईला ठीक. विजेवरची मोठी इंडक्शन शेगडी कागदावर सगळ्यात काटकसरी, उष्णता थेट बुडात. पण दहा-बारा किलोवॉटला थ्री फेज लागते, आणि शेताच्या बांधावर थ्री फेज कधी येईल यावर कीर्तनकारही बोलू शकत नाही.

शिर्डीनं हा प्रश्न भट्टीच काढून टाकून सोडवला. साईबाबा स्वतः हंडी शिजवत, पन्नास माणसांची एक आणि शंभरांची एक अशा दोन हंड्या असल्याचं साईसच्चरितात आलं आहे. त्याच गावी साईसंस्थानच्या प्रसादालयावर २००९ मध्ये ७३ मोठ्या आरशांच्या तबकड्या बसल्या. सूर्याच्या उष्णतेनं वाफ बनते आणि ती नळ्यांतून भांड्यांपर्यंत जाते. वाफ भांड्याच्या गार भिंतीवर पाणी होऊन बसते आणि तिनं उकळताना घेतलेली सगळी उष्णता तिथं सोडते. बूड जळत नाही, काजळी नाही, वाऱ्याची भीती नाही. रोज हजारोंच्या पंगती असतील तर याच्यापुढं गॅसची भट्टी पोरकट वाटेल. पण सप्त्याचा मांडव सात दिवसांचा आणि दिंडीचा थांबा एका रात्रीचा. तिथं टेम्पोतून उतरवता आणि चढवता येईल असंच काहीतरी हवं.

तेव्हा निवड. संभाजीनगरात गुलमंडीकडून कासारी बाजारात भांडी बघत जाताना ऐंशी-शंभर लिटरचं एकच भगुनं आणि त्याला साजेशी एकच राक्षसी भट्टी घ्यायचा मोह होतो. गावच्या मंडळाला तर एकच मोठी वस्तू घेतली की नाव घालायला बरी पडते. माझी पसंती चाळीस लिटरच्या दोन भगुन्यांना आणि चौदा-पंधरा किलोवॉटच्या दोन भट्ट्यांना आहे. दोन कड्या, दोन चाव्या, हलणारी हवेची चकती आणि बिडाचं डोकं, प्रत्येकीला आपापली टाकी. एका भट्टीवर आधण चढत असताना दुसरीवर भात उतरतो. एक बंद पडली तरी पंगत अडत नाही. आणि चाळीस लिटरचं उकळतं भगुनं, तांदळासकट पन्नास किलोच्या घरात जाणारं, दोन माणसं दोन कानांत फडकी घालून उचलतात आणि पेज वेळतात. ऐंशी लिटरच्या भगुन्याला चार माणसं लागतात. चौघांची पावलं सारखी पडतीलच याची खात्री पंगतीच्या घाईत कुणी देऊ शकत नाही, आणि त्या वेळी मांडवात पोरं पळत असतात.